समाज 'स्वीकारतो' म्हणजे नेमकं काय करतो?

रानजाई
समलिंगी आणि ट्रान्स (पारलिंगी) माणसांमध्ये नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे प्रयत्न इतरांपेक्षा जास्त आढळतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यावर हमखास ऐकू येतं, "म्हणजे हा आजारच की." हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्येच काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये.

माझं म्हणणं असं की हे दुखणं समाजाच्या वागणुकीतून येतं आणि ती वागणूक सुधारली की कमीही होतं. एक उदाहरण देते. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही राज्यांनी समलिंगी विवाहावर घटनादुरुस्तीने बंदी घातली. त्याआधी आणि त्यानंतर त्याच माणसांच्या मुलाखती एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत झाल्या होत्या. संशोधक मार्क हॅट्झेनब्यूलर यांनी त्या ताडून पाहिल्या. बंदी आलेल्या राज्यांतल्या समलिंगी आणि उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण वाटणाऱ्या) लोकांमध्ये नैराश्यासारखे भावविकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढले होते. बंदी न आलेल्या राज्यांत तशी वाढ नव्हती. माणसं तीच, त्यांचा कलही तोच. मधल्या काळात बदललं ते भोवतालचं वातावरण.

स्पष्टवक्ता
सहमत नाही. स्वीकार हेच औषध असेल तर जिथे ते भरपूर मिळालं तिथे फरक मिटायला हवा होता. डेन्मार्कने समलिंगी जोडप्यांना १९८९ मध्ये नात्याच्या कायदेशीर नोंदणीचा हक्क दिला, जगात सर्वांत आधी. तरी डेन्मार्क आणि स्वीडनच्या नोंदींत समलिंगी विवाहितांमधलं आत्महत्येचं प्रमाण इतर विवाहितांच्या दुपटीहून अधिक निघालं. तुम्हाला हवा तसा निष्कर्ष काढण्याआधी याचं उत्तर द्या.

रानजाई
त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८९ ते २००२ आणि २००३ ते २०१६ हे दोन कालखंड शेजारी ठेवले तर समलिंगी विवाहितांमधलं ते प्रमाण ४६ टक्क्यांनी घटलं आहे. आणि तिथे लग्न केलेल्यांतले कित्येक जण अशा काळात वाढले जेव्हा ही गोष्ट घरात उच्चारणंही अशक्य होतं. कायदा एका दिवसात बदलतो. पंधराव्या वर्षी मनावर उमटलेली भीती तशी जात नाही. फरक मिटला नाही हे मला मान्य आहे, पण तो घटतोय आणि माझा मुद्दा तोच आहे.

चौकस
मला मोजमापाबद्दलच शंका आहे. प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत स्वीडनमध्ये ९४ टक्के, भारतात ३७ टक्के, नायजेरियात ७ टक्के लोकांनी समाजाने समलैंगिकता स्वीकारावी असं सांगितलं. प्रश्न 'समाजाने' असा होता. 'तुमच्या मुलीने सांगितलं तर?' असा नव्हता. युरोबॅरोमीटर ही युरोपीय संघाची जनमत पाहणी दोन्ही प्रकारचे प्रश्न विचारते आणि घराबद्दलच्या प्रश्नाला होकार कमी येतो.

दक्षिण आफ्रिका बघा. लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई करणारी राज्यघटना १९९६ ची, विवाहाचा हक्क २००६ चा. आणि तिथेच 'सुधारण्यासाठी' म्हणून लेस्बियन स्त्रियांवर बलात्कार होत आले आहेत. कागदावरचा देश आणि गल्लीतला देश वेगळे असतात. मला वाटतं, खरा निकाल घरात लागतो. अमेरिकेत कॅटलिन रायन यांच्या २००९ च्या अभ्यासात, घरच्यांनी तीव्रपणे झिडकारलेल्या तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, फारसं न झिडकारलेल्यांच्या आठ पटींहून अधिक होतं.

स्पष्टवक्ता
घराचा मुद्दा पटला. पण मग 'लपू नका, उघडपणे जगा' असा जो सल्ला ऐकू येतो, तो सरसकट कसा देता येईल? युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात काही प्रकरणांत मृत्युदंड आहे. तिथल्या पोराने दुसऱ्या देशातल्या कुणाचा व्हिडिओ पाहून घरी सांगितलं तर त्याचं काय होईल? मला द्वेष नाही, या घाईची भीती वाटते.

रानजाई
हा मुद्दा मी मान्य करते आणि माझ्या पहिल्या मजकुरातच तो यायला हवा होता. युरोपातल्या २८ देशांच्या एका अभ्यासातही हेच दिसलं की जिथे वातावरण प्रतिकूल तिथे लपून राहणं माणसाला छळापासून काही अंशी वाचवतं. मात्र त्याच लपण्याने आयुष्यातलं समाधान खालावतं. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे ज्याचं त्यानेच ठरवावं.

निवांत
इतका वेळ नुसता वाचत होतो. लपणं म्हणजे काय ते सांगतो.

मराठीत क्रियापदालाही लिंग असतं. त्यामुळे जोडीदाराबद्दल बोलताना मी वर्षानुवर्षं 'आम्ही गेलो होतो', 'घरचे म्हणाले' अशी वाक्यं जुळवत आलो. तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य तपासायचं. फोटोत कोण आहे, फोन कुणाचा आला, सुट्टीत कुठे गेलो होतो, सगळं. संध्याकाळपर्यंत माणूस थकून जातो आणि का थकला ते कुणाला सांगता येत नाही. मानसशास्त्रज्ञ इलान मायर यांनी अशा ताणाची मांडणी केली आहे, 'अल्पसंख्याकांचा ताण' म्हणून. प्रत्यक्ष शिवी एखादीच खावी लागते. पण ती येईल या तयारीत रोज राहावं लागतं. विशीत एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, लग्न कर. त्यानंतर सहा वर्षं मी कुठल्याच डॉक्टरकडे गेलो नाही.

पुढे देश बदलला. पहिली दोन वर्षं वाक्यं जुळवणं थांबलं नाही, तिथे गरज नसतानाही. ४८ देशांतल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात पुढे वाचलं की प्रतिकूल देशातून अनुकूल देशात गेलेल्यांचं नैराश्य कमी होतं, पण त्यासाठी तिथे काही वर्षं, साधारण पाच किंवा अधिक, काढावी लागतात. वाचून बराच वेळ बसून राहिलो.

चौकस
निवांत, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. स्पष्टवक्ता, म्हणूनच अशा चर्चांचीही मला काळजी वाटते. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये समलिंगी विवाहावर टपालाने कौल घेतला, ६१.६ टक्के लोक बाजूने होते. तरी जिथे 'नाही' जास्त पडलं तिथल्या समलिंगी आणि उभयलिंगी लोकांचं मानसिक आरोग्य अधिक खालावलेलं आढळलं. आपण कसे जगतो यावर शेजारीपाजारी मत देतायत, हे रोज ऐकणं सोपं नाही.

स्पष्टवक्ता
मग बोलूच नये का? मला ते पटत नाही. न बोलता माझं मत बदललं नसतं, आणि आज ते थोडं बदललं आहे. कायद्याने मनं बदलतात हे मला अजूनही मान्य नाही. निवांत, विचारू का, चालत नसेल तर उत्तर देऊ नका. घरी सांगितलंत?

निवांत
विचारलंत ते बरं वाटलं. बहिणीला सांगितलं. वडिलांना नाही, आणि आता सांगणारही नाही. बहीण फोनवर बराच वेळ गप्प होती. आठवड्याने पुन्हा फोन आला तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "आणि तो कसा आहे?"