डांबरी रोडवर फोर व्हीलचा लिव्हर अडकतो, पुढचे टायर झिजतात

काळीमाती_वणी
४५ एचपीचा फोर व्हील ट्रॅक्टर आहे, मागे १३.६-२८ टायर. वावरातून पांदणीनं निघालं की पुढे जिनिंगपर्यंत १२ किलोमीटर डांबरी रोड, मागे कापसाची दोन चाकी ट्रॉली. पांदणीत गारा (चिखल) असला की फोर व्हील टाकतो, म्हणजे लिव्हरनं पुढच्या चाकांलेही इंजिनाचा जोर जोडतो, अन् रोडवर तो तसाच राहून जातो. जिनिंगच्या गेटात वळताना स्टिअरिंग जड होते, खालून खट-खट आवाज येते अन् लिव्हर तर निघतच नाही. पुढच्या टायरचे दात मागच्यापेक्षा लवकर चालले. मिस्त्री म्हणते ड्रॉप बॉक्स, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणारा गिअरचा डबा, खोला. खोलू का?

स्पॅनर_१७
इतक्यात खोलू नका भाऊ. लक्षणं तरी बॉक्स बिघडल्याची नाहीत, शाफ्टला पीळ बसल्याची आहेत.

फोर व्हील टाकला की पुढचा आणि मागचा एक्सल गिअरनं एकमेकांना बांधले जातात, मधे दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल नसतो. त्यात पुढची चाकं कंपनीच मुद्दाम थोडी पुढे धावती ठेवते, साधारण १ ते ५ टक्के. मऊ मातीत हा फरक टायर घसरून जिरतो. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो, मग पीळ पुढच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, त्याचे स्प्लाइन (खाचा) आणि एक्सलमधला बेव्हल गिअर यांच्यात साठतो. ३ टक्के धरले तरी १२ किलोमीटरला ३६० मीटर घासणं झालं, आणि ते मुख्यतः हलक्या पुढच्या टायरांच्या वाट्याला येतं.

वळणावर उलटं होतं. व्हीलबेस (दोन एक्सलमधलं अंतर) २ मीटर आणि मागचा एक्सल साडेतीन मीटरच्या त्रिज्येत वळत असेल, तर काटकोनात वळताना मागचा भाग साडेपाच मीटर जातो, पुढचा सव्वासहाच्या वर. ३ टक्क्यांनी त्यातले जेमतेम १६ सेंटीमीटर भरून निघतात. म्हणजे सरळ रोडवर एका दिशेनं बसलेला पीळ गेटात उलट फिरतो. तुमची खट-खट बहुतेक तीच.

पुढे टायर कोणत्या साइजचे आहेत?

पांदण_मिस्त्री
लिव्हरले हातोडी मारू नका राजेहो, आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकते. ट्रॅक्टर सरळ ठेवून पाच-दहा मीटर हळू रिव्हर्स घ्या, क्लच दाबा अन् मग लिव्हर ओढा. नाही निघाला तर एका बाजूची चाकं साइडपट्टीच्या मुरमात उतरवून थोडं पुढे-मागे करा. तरी नाही, तर ट्रॉली सोडा, इंजिन बंद करा, मागच्या दोन्ही चाकांले पुढून-मागून दगड लावा अन् पुढचं एक चाक जॅकवर उचला. चाक जमिनीवरून सुटलं की पीळ मोकळा होऊन झटक्यानं फिरते, तवा हात लांब ठेवा.

गाविलगड
रोडवर फोर व्हील नकोच, हे सरसकट नको. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतात. चिखलदऱ्याच्या घाटात भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना फोर व्हील टाकला तर पुढची चाकंही धरतात. लहान गिअर, कमी वेग, आणि उतार संपला की लगेच काढायचा. टायर थोडे झिजतील, ते चालतं. सपाट रोडवर मात्र उपयोग शून्य.

स्पॅनर_१७
घाटाचं मान्य, फक्त उतरणीपुरतं.

काळीमाती, टायरांची हवा आधी बरोबर करा आणि तुमची पुढची चाकं किती टक्के पुढे धावतात ते मोजा. मागच्या व पुढच्या एकेका टायरवर खडूनं रेघ मारा. फोर व्हील काढून सरळ चाला, मागचं चाक १० फेऱ्या फिरेपर्यंत पुढच्याच्या फेऱ्या मोजा. मग फोर व्हील टाकून तसंच, पण मऊ वावरात. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा, पहिल्यानं भागा, १०० नं गुणा. नेहमीची ट्रॉली जोडूनच मोजा, कारण तिच्या भारानं मागचा टायर दबतो आणि फरक वाढतो.

काळीमाती_वणी
मोजलं. काढून पावणेपंधरा, टाकून १६. पुढे आधी ८.००-१८ होते, मागल्या उन्हाळ्यात रिमसकट ८.३-२० बसवले.

स्पॅनर_१७
साडेआठ टक्के! १२ किलोमीटरात किलोमीटरभर रबर घासतंय. टायर उंच झाला, आतला गिअर तोच राहिला. हवा कमी-जास्त करून एवढा फरक भरत नाही, ८.००-१८ परत बसवा. तोवर पांदण संपली की डांबरावर चढायच्या आधीच, मातीत असतानाच लिव्हर काढा. ड्रॉप बॉक्सचं म्हणाल तर ड्रेन बोल्ट उघडून तेल पाहा. नुसतं काळं असेल तर तेल बदला. लोखंडाच्या कपच्या निघाल्या तरच मिस्त्रीला खोलू द्या.