एमव्ही दिलं आणि सात पानांचं एकच पान उरलं

जुनी_पानं:
नमस्कार. वाईजवळच्या एका गावात वाचनालयाचं काम पाहते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, अकरा आमच्या जुन्या लॅपटॉपवर चढेना, म्हणून पुतण्याने विंडोजऐवजी चालणारी उबंटू २४.०४ ही मोफत प्रणाली टाकून दिली. जुन्या दिवाळी अंकांची पानं मी फोनने टिपून त्यात साठवते. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायची खिडकी, शिकायची मनापासून इच्छा आहे, कारण शेकडो फायली माउसने ओढून मनगट दुखतं.

परवा डाउनलोड्समध्ये जाऊन एकेक पान 'दिवाळी' या फोल्डरमध्ये हलवलं. फाइल हलवायची आज्ञा एमव्ही (mv), पानाचं नाव, दिवाळी. असं सात वेळा. एकदाही चूक दाखवली नाही. नंतर बघते तर डाउनलोड्समध्ये 'दिवाळी' नावाची एकच फाइल, आणि उघडली तर सातवं पान. बाकीची सहा कुठे गेली? अंक साताऱ्याच्या एका आजोबांना परत दिलाय, फोनमधले फोटोही पुसलेत. पोटात गोळा आलाय.

दुसरं: लेखाचं पूर्ण शीर्षक फाइलला दिलं की नाव फार लांब आहे म्हणतं. मोजली तर शंभराच्या आत अक्षरं होती.

कृष्णाकाठ:
ताई, आधी लॅपटॉप बंद करा. त्यावर नवं काही साठवू नका, नवं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामसुद्धा नको.

काय झालं ते सांगतो. एमव्ही दोन कामं करते: फाइल हलवते आणि नाव बदलते. शेवटी दिलेलं नाव फोल्डरचं असेल तर फाइल आत जाते. तसं फोल्डर तिथे नसेल तर तेच फाइलचं नवं नाव ठरतं. तुमचं दिवाळी फोल्डर बहुतेक पिक्चर्समध्ये असेल. त्यामुळे पहिल्या पानाचं नाव 'दिवाळी' झालं, दुसरं पान त्याच नावावर बसलं आणि पहिलं गेलं. असं सातव्यापर्यंत. हे कचरापेटीतही जात नाही.

हार्ड डिस्क फिरणारी, जुन्या पद्धतीची असेल तर आशा आहे. पुतण्याने ज्या पेनड्राइव्हवरून उबंटू टाकलं, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा आणि 'ट्राय' निवडा. तिथे टेस्टडिस्क पॅकेज टाका, पुसलेले फोटो शोधणारं फोटोरेक त्यातच येतं. सापडलेले फोटो दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवा. मूळ नावं मिळणार नाहीत, एकेक उघडून बघावं लागेल.

यापुढे फोल्डरच्या नावानंतर तिरपी रेघ द्या: 'दिवाळी/'. फोल्डर नसेल तर एमव्ही तक्रार करून थांबते, फाइल जागच्या जागी राहते. आणि एमव्हीपुढे 'उणे आय' (-i) लिहिलंत तर आधीच्या फाइलवर बसण्यापूर्वी ती विचारते. फाइलची नक्कल करणाऱ्या सीपीलाही तेच.

तारघर:
मी तारखात्यात होतो, १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली तोवर. आमच्याकडे प्रत्येक शब्दाला पैसे, म्हणून लोक मजकूर कापून आणत. उबंटू ज्याच्या वळणावर चालतं ते युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सुरू झालं तेव्हा सहसा पडदे नसत, टेलिटाइप या टंकयंत्रावर कागदावर छापलं जाई. मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहाच अक्षरं छापी. मूव्हचं एमव्ही, कॉपीचं सीपी, लिस्टचं एलएस झालं ते या काटकसरीतून. काम झालं तर गप्प राहायचं, ही रीतही त्या कागदी काळाला शोभणारी. म्हणून ताई, टर्मिनल गप्प आहे म्हणजे तुमच्या मनातलंच घडलं असं धरू नका. प्रत्येक एमव्हीनंतर एलएस देऊन फायलींची यादी बघा. मी अजूनही बघतो.

मोजपट्टी:
लांब नावाचं उत्तर: उबंटूच्या फायली साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ईएक्सटी४ मध्ये, नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे; बाइट म्हणजे साठवणीचं छोटं माप. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'स्त्री' डोळ्याला एक अक्षर, पण आत सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. जास्तीत जास्त ८५ चिन्हं बसतात, त्यातच शेवटचं 'डॉट जेपीजी'. तेव्हा नावात वर्ष आणि पानाचा क्रमांक ठेवा, पूर्ण शीर्षकं वेगळ्या यादीत लिहा. नावात मोकळी जागा ठेवू नका, नाहीतर टर्मिनल एका नावाचे दोन तुकडे समजतं. आणि टॅब दाबायची सवय लावा. दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबलं की उरलेलं नाव आपोआप येतं. आलं नाही तर बहुधा ती फाइल तिथे नाही.

जुनी_पानं:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोल्डर खरंच पिक्चर्समध्ये होतं. त्या दिवशी टॅब माहीत असतं तर 'दिवाळी' पूर्ण झालंच नसतं आणि तिथेच कळलं असतं.

फोटोरेकने तीन हजारांवर चित्रं काढली, बरीचशी नखाएवढी. दोन रात्री चाळल्यावर सहापैकी पाच पानं मिळाली. सहाव्याचा वरचा अर्धाच भाग उघडतो, खाली राखाडी पट्टा आहे. रविवारी साताऱ्याला जाऊन आजोबांकडून ते पान पुन्हा टिपून आणणार. त्यांना खरं काय झालं ते फोनवर सांगितलं. "या, अंक कुठे पळतोय," म्हणाले.

आज दुसऱ्या अंकाची पानं हलवली. आधी पीडब्ल्यूडी देऊन कुठे आहे ते पाहिलं, मग एलएस, मग उणे आय लावून एमव्ही, शेवटी तिरपी रेघ. पोहोचल्यावर एलएसपुढे उभी रेघ देऊन, यादीतल्या ओळी मोजणाऱ्या 'डब्ल्यूसी उणे एल' (wc -l) ने मोजली. एक्केचाळीस पाठवली होती, एक्केचाळीस आली.