फिजिओचा कोर्स पाच वर्षांचा झाला, पण शिकायचं कुठे?

राजापूरची फिजिओ

बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री आत्तापर्यंत साडेचार वर्षांची होती, चार वर्षं कॉलेज आणि सहा महिने इंटर्नशिप. २०२५ मधे फिजिओसारख्या आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय आयोगाचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात पाच वर्षं, इंटर्नशिप पूर्ण एक वर्षाची. आमच्या ग्रुपवर सगळे खूष, आता दर्जा वाढणार म्हणून. मला नाही वाटत तसं. का ते लिहिते, पटलं नाही तर स्पष्ट लिहा.

मी अकरा वर्षं इथे प्रॅक्टिस करतेय. गेल्या वर्षी एक मावशी आल्या, मासे विकणाऱ्या, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. दीड महिना नियमित आल्या. वॉकर सुटला, काठी आली, पायऱ्या चढायला लागल्या, मी खूष होऊन सांगितलं की आता यायची गरज नाही. दोन महिन्यांनी त्यांची सून बाजारात भेटली, म्हणाली आई घराबाहेरच पडत नाहीत. मग मी त्यांच्या घरी गेले. घर खाली खाडीच्या बाजूला आणि रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी. मोजल्या मी, ३८ पायऱ्या. जांभ्याच्या, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, कडा झिजलेल्या, शेवाळ, धरायला काही नाही. माझ्या क्लिनिकमधे लाकडी जिना आहे तीन पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना दांडे. मावशी म्हणाल्या, "बाय, तुझ्या जिन्यावर मी चढते गो, पण आमची पाखाडी नाय जमत." दीड महिन्यात मी एकदाही विचारलं नव्हतं की घर रस्त्याला लागून आहे की खाली.

आता यात माझा कोर्स सहा महिने जास्त असता तर काय फरक पडला असता? मला शिकवलेलं सगळं बरोबरच होतं, पण ते ज्या जिन्यावर शिकले तो जिना इथे कुणाच्याच घरात नाही. आणि पास झाल्यावर अकरा वर्षांत माझं काम बघायला एकही माणूस क्लिनिकमधे आलेला नाही, एकही. वर्कशॉप मात्र भरपूर केले, रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबई, दोन दिवस हॉटेलात, सर्टिफिकेट घेऊन परत.

या वर्कशॉपवर बाहेर अभ्यास झालेत. २००६ मधे अमेरिकेत मानदुखीच्या पेशंटांवर एक झाला. नुसता दोन दिवसांचा कोर्स करून आलेल्या फिजिओंच्या पेशंटांत काही खास फरक पडला नाही, कोर्सनंतरही ज्यांनी आपल्या क्लिनिकमधे सुधारणेचं काम चालू ठेवलं त्यांचे पेशंट जास्त सुधारले. मग २००९ मधे चिठ्ठ्या टाकून फिजिओंचे दोन गट केले. कोर्स दोघांनाही तोच, फक्त एका गटाला पुढे छोट्या बैठका आणि शिकवणारा प्रत्यक्ष क्लिनिकमधे येऊन बघणार. त्या गटाच्या पेशंटांची रोजची कामं जास्त सुधारली आणि व्हिजिटही कमी लागल्या.

म्हणून माझं म्हणणं, वाढलेल्या सहा महिन्यांतले निदान तीन महिने इंटर्नला तालुक्याच्या दवाखान्यात आणि पेशंटच्या घरी पाठवा. आणि शिकत राहिल्याबद्दल फिजिओला मिळणारे क्रेडिट पॉइंट हॉटेलात बसल्याचे देऊ नका, नंतर कुणी येऊन तुमचं काम पाहिलं त्याचे द्या.

घाटावरचे मास्तर

मॅडम, मी कराडच्या बाजूला फिजिओ कॉलेजात शिकवतो, माझ्या वर्गात दरवर्षी रत्नागिरी-सिंधुदुर्गची मुलं असतात म्हणून लिहितोय. अजिबात पटलं नाही.

तुमचा २००९ चा अभ्यास मी वाचलाय. त्यात फिजिओ होते फक्त १९. आणि दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पेशंट येतो तो दुखतंय म्हणून येतो.

दुसरं, इंटर्नला आयसीयू बघायला पाहिजे. छातीत कफ भरलेला, व्हेंटिलेटरवरचा पेशंट कसा हाताळायचा हे पाखाडीवर शिकता येत नाही. पक्षाघाताच्या पहिल्या आठवड्यातला पेशंट, वेळेआधी जन्मलेलं बाळ, जळालेला हात, हे सगळं शंभर-शंभरदा बघितल्याशिवाय हात बसत नाही. तालुक्याला कंबर आणि गुडघा सोडून दिवसाला काय येतं? तीन महिने तेच बघून पोरगं परत येणार आणि आयसीयूत थरथरणार.

आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार तिकडे? तुम्हीच लिहिलंय की अकरा वर्षांत तुमचं काम बघायला कुणी आलं नाही. जिथे शिकवणारा नाही तिथे शिकाऊ पाठवायचा ही कुठली पद्धत झाली?

बॅच २०२४

मी नुकतीच इंटर्नशिप संपवली, घर मालवणला, कॉलेज बाहेर. दोघांचंही थोडं थोडं पटतंय पण एक कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. रूरल पोस्टिंग म्हणजे आम्हाला काय मिळालं तर कॅम्प. सकाळी बस, बॅनर, पाहुण्यांची भाषणं अकरापर्यंत, मग दोनपर्यंत १२० पेशंट. एका आजींना मी गुडघ्याचे व्यायाम शिकवत होतो तोवर मागून सर म्हणाले आवर आवर लाइन बघ. त्या आजींनी जाताना विचारलं परत कधी येशील, मी काय सांगणार, मी परत कधीच जाणार नव्हतो त्या गावात. ते अजून डोक्यातून जात नाही.

त्यामुळे तीन महिने एकाच गावात राहायचं असेल तर मी पहिला हात वर करेन, पण कागदावर रूरल आणि प्रत्यक्षात दिवसभर शेकाचं मशीन लावायला एक फुकटचा माणूस असं होणार असेल तर नको. आणि राहायचं कुठे, खायचं काय, ते पण ठरवा आधी. आईने दागिने ठेवून फी भरलीय माझी, सहा महिने वाढले म्हणजे आमच्याकडे काय वाढतं ते आयोगाला कळणार नाही.

वेंगुर्ल्याचो झील

मी फिजिओ नाही, पेशंटचा मुलगा. बाबा पाडेली होते, माडावरून पडले, मणक्याला मार, गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि कमरेखाली शक्ती नाही अशा अवस्थेत घरी आणलं. पहिला फिजिओ दोन महिने घरी येऊन पायांना करंट लावायचा, वीस मिनिटं, पैसे घेतले आणि गेला. भिंतीवर त्याची पाच सर्टिफिकेटं होती, मी बघितलेली. दुसरी मुलगी आली तिने पहिल्या दिवशी मशीन काढलंच नाही. खाटेची उंची मोजली, सुताराकडून खाट चार बोटं कापून घेतली खुर्चीला बरोबर करायला, आणि मला आणि आईला शिकवलं की बाबांना खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, कमरेला लुंगी बांधून कुठे धरायचं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची. पहिल्याच्या वेळी पडून पडून झालेली पाठीची जखम तीन महिन्यांत भरली. आता बाबा स्वतः हातावर सरकून खुर्चीत येतात आणि पडवीत बसून सोलं सुकायला घालतात.

म्हणून राजापूरच्या ताईंचं बरोबर वाटतं. पण ताई रागावू नका, शिकाऊ पोरं आमच्याकडे का? शहरातल्या माणसाला शिकलेला फिजिओ आणि कोकणातल्याला शिकणारा? बाबांच्या पाठीला जखम झाली ती कुणीतरी आमच्या घरी येऊन शिकत होता म्हणूनच ना. एकटा इंटर्न माझ्या दारात आला तर मी आत घेणार नाही, स्पष्ट सांगतो.

रत्नांग्री १९९४

तीस वर्षं झाली मला या धंद्यात. आजकाल कुणीही उठतं आणि म्हणतं अनुभवाला किंमत नाही, संशोधन सांगतं म्हणे. पेशंटच्या कमरेवर हात ठेवला की मला कळतं स्नायू आखडलाय की नस दबलीय, हा हात पाच वर्षांच्या कोर्सात मिळत नाही आणि कुणी क्लिनिकमधे येऊन बघून गेल्यानेही मिळत नाही.

आपल्याकडे हे शिक्षण कसं सुरू झालं ते तरी माहीत आहे का? मुंबईत पोलिओची साथ आली, पोरं लुळी पडायला लागली, तेव्हा १९५० च्या दशकात केईएमला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातलं पहिलं फिजिओथेरपी स्कूल निघालं. समोर पोरं होती म्हणून शिक्षण आलं. ती पिढी हाताने शिकली, अभ्यास वाचून नाही.

आणि करंटवाल्याला शिव्या देणं सोपं आहे. चिरेखाणीवरचा कामगार एक दिवसाची मजुरी बुडवून येतो, त्याला नुसते व्यायाम सांगून पाठवलं की तो दुसऱ्या दिवशी समोरच्या क्लिनिकात जातो जिथे मशीन आहे. मी पण लावतो. क्लिनिक चालवायचं असतं.

राजापूरची फिजिओ

सर, पोलिओचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, कारण ते माझ्याच बाजूने आहे. मुंबईच्या रस्त्यावर जे दुखणं होतं त्यातून अभ्यासक्रम आला. आपल्याकडे लावणीत दिवसभर वाकलेल्या बायका आहेत, हापूस काढताना झाडावरून पडलेली माणसं आहेत, जाळी ओढून खांदे गेलेले खलाशी आहेत, यातून अभ्यासक्रमात काय आलं?

अनुभवाला किंमत नाही असं मी लिहिलेलं नाही. पण २००३ मधे कंबरदुखीच्या पेशंटांच्या नोंदी घेऊन अमेरिकेत शोधलं की कुणाचे पेशंट सगळ्यात जास्त सुधारतात. त्या फिजिओंची प्रॅक्टिसची वर्षं इतरांपेक्षा जास्त नव्हती, त्यांच्यात अगदी नवखेही होते. वेगळं काय होतं तर ते पेशंटला सोबत घेऊन विचार करायचे, त्याला घरी, कामावर काय करायचंय तिथून सुरुवात. डॉक्टरांवर २००५ मधे ६२ अभ्यास एकत्र तपासले तर निम्म्याहून जास्त अभ्यासांत वर्षं वाढतात तसा उपचाराचा दर्जा घसरलेला दिसला. अकरा वर्षांची मीही त्यात आले, म्हणून तर ही धडपड.

मशीनचं तुम्ही खरं सांगितलंत, इतकं खरं कुणी सांगत नाही. २०१९ मधे फिजिओंवरच्या ९४ अभ्यासांचा आढावा आला, त्यात शिफारस केलेले उपचार निवडणारे फिजिओ जेमतेम निम्मे. तेही सगळे शिकलेलेच. म्हणजे माहीत नसतं असं नाही, एकटा माणूस रोज पेशंटसमोर वाकतो, मीसुद्धा वाकलेय.

मास्तर, १९ फिजिओ आणि दुखण्यात फरक नाही, दोन्ही बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं. पण मावशींचं दुखणं केव्हाच थांबलं होतं हो. त्यांना बाजारात जाता येत नव्हतं.

वेंगुर्ल्याचे दादा, तुम्ही जे लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, रात्रभर विचार केला. तुमचं बरोबर आहे. एकटा इंटर्न कुणाच्या घरात जाता कामा नये. सोबत नोंदणी असलेला फिजिओ पाहिजेच, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

मूळचा गुहागरचा

डोंबिवलीत असतो, बहीण अमेरिकेत फिजिओ आहे. तिकडे २०१६ पासून मान्यता असलेले सगळे कोर्स डॉक्टरेटचेच. म्हणजे आधी डिग्री मग वर तीन वर्षं. बहिणीच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि ती सांगते की मी खरी शिकले ती पहिल्या नोकरीत, जिथे सिनियर बाई रोज जेवणाच्या सुट्टीत एक पेशंट घेऊन बसायच्या. वर्षं वाढवण्याच्या रस्त्याला आपण लागलोच आहोत तर ते जेवणाच्या सुट्टीतलं पण घ्या बरोबर, एवढंच.

घाटावरचे मास्तर

आयसीयूवरून मी मागे हटत नाही. वर्षातले नऊ महिने मोठ्या हॉस्पिटलात, त्यावर तडजोड नाही. उरलेल्या तीनवर बोलू, पण कॅम्पवाल्या पोराने आणि वेंगुर्ल्याच्या दादांनी जे लिहिलंय ते वाचून माझ्या अटी आणखी कडक झाल्यात. एका सुपरवायझरमागे दोनच इंटर्न. एकटं घरी जायचं नाही. आणि तुमच्याकडे हा सुपरवायझर कोण असणार आहे, त्याचं काम कुणी तपासलंय, ते मला आधी सांगा.

राजापूरची फिजिओ

मावशींच्या घरून आल्यावर आम्ही चौघं एकत्र आलो, राजापूर, लांजा, कणकवली आणि देवगड. दर बुधवारी रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल, प्रत्येकाने एक अडलेला पेशंट मांडायचा, त्याला विचारून केलेल्या शूटिंगसकट. महिन्यातून एक रविवार एकजण दुसऱ्याच्या क्लिनिकमधे जाऊन दिवसभर बसतो, मधे बोलायचं नाही, संध्याकाळी सांगायचं. पहिल्यांदा लांज्याचे सर माझ्याकडे बसले तेव्हा त्यांनी सांगितलं की तुम्ही पेशंटचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही, अकरापैकी नऊ जणांचं मधेच तोडलंत. मला राग आला होता, घरी जाऊन रडले पण. आता अभ्यासाची पाटी लावून मोजतो आम्ही असं काही नाही, पण नव्या पेशंटच्या कागदावर पहिला प्रश्न घर कुठे आणि किती पायऱ्या हा असतो, चौघांच्याही.

सुपरवायझर म्हणून आमचं काम तपासायला तुम्हीच या ना सर.

रत्नांग्री १९९४

बुधवारी साडेनऊ म्हणता. पाचवा चालेल का? एक पेशंट आहे, ट्रॉलरवरचा खलाशी, खांदा चार महिने उघडत नाहीये. हात ठेवून कळत नाहीये मला.

राजापूरची फिजिओ

चालेल म्हणजे काय सर, लिंक पाठवते.

घाटावरचे मास्तर

दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस काढतो, गगनबावड्यावरून उतरेन. तोवर त्या पाखाडीचं शूटिंग मिळालं तर तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला दाखवायचंय, मावशींची परवानगी असेल तर. मुलांना विचारणार आहे की पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल.

राजापूरची फिजिओ

विचारलं, हो म्हणाल्या, फक्त नवीन लुगडं नेसून शूटिंग करायचं म्हणाल्या. शेवाळ घासून काढलंय मुलाने, एका बाजूला बांबू बांधलाय. सध्या बावीस पायऱ्या चढतात, तिथे वळणावर फणसाखाली एक चिरा ठेवलाय बसायला, तिथून वर रस्त्यावरच्या बायका दिसतात, त्यांच्याशी ओरडून भाव विचारत असतात. अजून सोळा राहिल्यात.