बीओडी कळत नाही म्हणून गप्प बसायचं?

पंचगंगाकाठ: सकाळी इथं एका दादांनी टाकलं, 'प्रदूषण मंडळावर सामान्य माणूस कशाला, त्याला बीओडी तरी कळतो का'. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप. दादा, 1974 च्या जल कायद्याचं कलम 4 बघा की. अध्यक्ष, सदस्य-सचिव, 5 पर्यंत सरकारी अधिकारी, 5 पर्यंत स्थानिक संस्थांचे, सरकारी कंपन्यांचे 2, आणि शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार, इतर सगळे मिळून 3. नदीचं पाणी पिणारा 'इतर'मध्ये, आणि तोही सरकारच नेमणार.

फौंड्रीवाला: मीच लिहिलंय, अजून तेच म्हणतो. माझ्याकडं एक 'पर्यावरणप्रेमी' यायचा, माहिती अधिकाराचा अर्ज दाखवून पाकीट मागायचा. असला माणूस मंडळावर बसला तर माझ्या पोरांचे पगार कोण देणार? आणि कोल्हापुरातल्या जयंती नाल्यातनं पंचगंगेत जातंय ते तुमच्या संडासाचं पाणी हाय. वर गणपती, निर्माल्य वेगळंच.

तालमीचा पोरगा: आला का गणपती मधी! आमी मूर्ती इराणी खणीत, म्हंजे जुन्या खाणीतल्या पाण्यात न्यायची, नदीवर गेलो की पोलीस आडवे, आणि नाला बारा महिने मोकळा?

फौंड्रीवाला: प्लॅस्टर विरघळतंय का पाण्यात? गणपती मंडळाची वर्गणी घेता तवा नदी आठवत न्हाई.

तालमीचा पोरगा: वर्गणी काढू नका, तोंड सांभाळून बोला. आमच्या तालमीनं गेली 4 वर्षं मूर्ती दान दिलीय, तुमी काय दिलं?

शिरोळची लेक: नदीच्या वरच्या अंगाला तुमी भांडा, खाली शिरोळात आमी पितोय. बंधाऱ्यात मासे मेले तवा वडिलांनी पहाटे फोन केला, सॅम्पल घ्यायला माणूस आला तिसऱ्या दिवशी, तोवर बंधाऱ्याचे बरगे, म्हंजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून पाणी सोडलेलं. रिपोर्ट आला 'समाधानकारक'. मासा कधी मेला हे ज्याला म्हाईत, त्याला त्या टेबलावर जागा नको? 2012 ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, त्यांना बीओडी कळत होता का?

फौंड्रीवाला: जनसुनावणी असते की, तिथं बोला.

पंचगंगाकाठ: ती नव्या प्रकल्पाला, तीपण ठराविकच. तिथं म्हणणं फक्त लिहून घेतात, निर्णय दुसरीकडं. आणि कोर्टात जायचं तर कलम 49 खाली आधी 60 दिवसांची नोटीस, 60 दिवसांत नदीत काय उरतंय?

फौंड्रीवाला: बरं बाबा, बसवा नागरिक. पण सरकारनं नेमलेला पुढारी नको, ग्रामसभेनं पाठवलेला पाहिजे. गणपतीचं मात्र मी मागं घेत न्हाई.

शिरोळची लेक: आज परत फेस आलाय. बाटली घेऊन चाललेय, सॅम्पल कसं भरायचं कुणी सांगेल का?

फौंड्रीवाला: ताई, बाटली स्वच्छ घ्या, काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका. लगेच बर्फात ठेवा, वेळ लिहा. अंधारात ठेवायचं, उन्हात न्हवं.