मदत हवी आहे: सिलिकाच्या मेंब्रेनमधून हीलियम तापवल्यावर कमी का जातोय?

अर्धवट_अभियंता
नमस्कार मंडळी. एम.टेक.चं शेवटचं वर्ष, पुण्यातच. वायू वेगळे करणाऱ्या सिरॅमिक मेंब्रेनवर प्रोजेक्ट आहे. अ‍ॅल्युमिनाची नळी, तिच्यावर गॅमा अ‍ॅल्युमिनाचा थर (भोकं ४-५ नॅनोमीटरची), आणि सगळ्यात वर मी सोल-जेलने (द्रावणाचा ओला थर देऊन, त्याचं जेल सुकवून भट्टीत भाजायचं) चढवलेला सिलिका. सिलिकाची भोकं अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास हवीत, म्हणजे हीलियम (२.६ अँगस्ट्रॉम) निसटेल आणि नायट्रोजन (३.६४) बऱ्यापैकी अडेल.

प्रवाह साबणाच्या बुडबुड्यावर मोजतोय, म्हणजे पलीकडे आलेला वायू काचेच्या नळीत बुडबुडा वर ढकलतो; वेळ कमी तितका प्रवाह जास्त. दाबातला फरक १ बार. बुडबुडा १० मिली चढायला लागलेला वेळ:
२७ अंशांना हीलियम ८ सेकंद, नायट्रोजन २१, कार्बन डायऑक्साइड १९.
२०० अंशांना हीलियम १०, नायट्रोजन २६.५, कार्बन डायऑक्साइड ३३.

सूक्ष्मछिद्री थरातून तापवल्यावर हीलियम जास्त जातो असं वाचलंय. माझा तर घटतोय. आणि कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा जड असून थंड असताना त्याच्या पुढे कसा? सर म्हणतात सील गळतेय. ओ-रिंग तीनदा बदलली, आकडे तेच. गुरुवारी प्रेझेंटेशन आहे, कृपया मदत करा.

ओला_जुलै
सध्याच्या हवेत नळी उघडी ठेवली होतीस का? सिलिका पाणी धरतो. सगळ्यात बारीक भोकं पाण्याने बुजतात आणि फक्त फटी उघड्या राहतात. आमच्याकडे पावसाळ्यात रात्रभर २०० अंशांवर कोरडा नायट्रोजन सोडल्याशिवाय कुणी रीडिंग घेत नाही.

कोथरूडचा_काका
पाण्याचा मुद्दा बरोबर, पण इथे गुन्हेगार तो नाही. २०० अंशांना पाणी उडालेलं असणार, तरी हीलियम-नायट्रोजनचं गुणोत्तर हललेलं नाही. २१ भागिले ८ किती? २.६. आता त्यांच्या रेणूंची वजनं घे, २८ भागिले ४ चं वर्गमूळ काढ. २.६५. बाळा, तू नुडसेन प्रवाह मोजतोयस.

वातावरणीय दाबाला नायट्रोजनचा रेणू दुसऱ्या रेणूला धडकेपर्यंत साधारण ७० नॅनोमीटर जातो. ४ नॅनोमीटरच्या भोकात तो दुसऱ्या रेणूला कुठला भेटतोय, भिंतींवरच आपटत जातो. तुळशीबागेत माणसाला माणूस धडकतो, वाड्याच्या बोळात दोन्ही खांदे भिंतीला घासतात, तसं. तिथे फक्त रेणूचं वजन चालतं, आकार नाही. तापमान वाढलं की हा प्रवाह केल्व्हिनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाने घटतो. ३०० वरून ४७३ केल्व्हिन म्हणजे सुमारे २० टक्के घट, म्हणजेच तुझे ८ चे १० सेकंद.

खऱ्या सिलिकात भोक रेणूएवढंच असतं. रेणूला दर पावलाला उंबरठा ओलांडावा लागतो. उष्णता ते बळ देते, म्हणून हीलियम वाढतो. तुझ्या थराचा चांगला भाग हेच करत असेलही, पण फटीतून इतकं जातंय की त्याचं काही दिसत नाही.

सरांना नम्रपणे सांग, सील नाही. ओ-रिंगच्या मोठ्या फटीत वायू चिकटपणाप्रमाणे वाहतो. हीलियमचा चिकटपणा नायट्रोजनपेक्षा थोडा जास्तच, त्यामुळे गुणोत्तर १ च्या किंचित खाली आलं असतं. तरी खात्री करायची तर नळीच्या जागी भरीव स्टीलचा दांडा बसव. बुडबुडा हलता कामा नये.

कार्बन डायऑक्साइड भिंतीला चिकटतो आणि चिकटूनच पुढे सरकतो. हा पृष्ठभागावरचा जादा प्रवाह थंड असताना मिळतो, तापवलं की रेणू भिंत सोडतात आणि तो संपतो. ३३ भागिले १० म्हणजे ३.३, पुन्हा ४४ भागिले ४ चं वर्गमूळ! एक लक्षात ठेव, हा वायू साबणाच्या पाण्यात विरघळतो, बुडबुडा उगाच रेंगाळतो. काच आधी त्याच वायूने भरपूर धुवून घे, मग मोज.

आता एक काम कर. नायट्रोजन १, २ आणि ३ बारला मोज. बारमागे प्रवाह वाढला तर मोठी भोकं. तसाच राहिला तर बारीक तडे.

अर्धवट_अभियंता
काका, दांडा बसवून अर्धा तास पाहिलं, बुडबुडा जागचा हलला नाही. नायट्रोजन: १ बारला २१, २ ला १०.५, ३ ला ७ सेकंद. म्हणजे बारमागे तेवढाच.

आता कबूल करतो. थर भाजताना भट्टी दुसऱ्या ग्रुपला द्यायची होती म्हणून मिनिटाला ५ अंशांनी चढवली होती.

कोथरूडचा_काका
मग तडे जाणार नाहीत तर काय! जेल सुकताना आक्रसतो, खालची नळी तशीच राहते. जोरात तापवलंस की थर ताणून फाटतो. आणि ओला थर ठेवतोस कुठे? शेजारी बांधकाम असेल तर धुळीचा एक कण पुरे, त्याच्याभोवती थर बसतच नाही. झाकण असलेल्या पेटीत सुकव.

नळी फेकू नकोस. त्याच थरावर पातळ दुसरा हात दे. जाड एकच हात कधीही नको, तो जास्त फाटतो.

ओला_जुलै
दुसरा हात दिल्यावर आधी २०० अंशांनाच हीलियम-नायट्रोजन बघ. गुणोत्तर २.६५ च्या बरंच वर गेलं आणि हीलियम तापमानाबरोबर वाढला, तरच बाकीचे वायू लाव. सिलिंडर वाचेल.

अर्धवट_अभियंता
गुरुवारी आहेत तेच आकडे नुडसेनच्या नावाने दाखवणार, सर तयार झालेत. मिनिटाला अर्धा अंश धरला तर ६०० पर्यंत नुसतं चढायलाच १९ तास लागतात. भट्टीच्या वहीत शनिवार-रविवार दोन्हीवर माझं नाव घालून आलोय.