मदत हवी आहे : दादाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला चांगलं स्टेकहाउस सांगा (अर्जंट)

सायली_बाळीवेस
नमस्कार. येत्या गुरुवारी दादाचा पन्नासावा वाढदिवस आहे. त्याला स्टेक जीव की प्राण. रात्री सगळे मिळून त्याला जेवायला नेणार आहोत. जागा भारी हवी, शांत, नीट विचारपूस करणारे वेटर असलेली. सिझलर नको, स्टेकच हवा. शोधून डोकं उठलं, जिथं बघावं तिथं तंदुरी आणि चायनीज. पैशाचा प्रश्न नाही. लवकर सांगा, टेबल बुक करायचंय.

डेक्कनकर
कोरेगाव पार्क किंवा कॅम्प. दोन्हीकडे चांगले पर्याय आहेत. वीकेंड नसल्यामुळे टेबल सहज मिळेल. पार्किंगचं मात्र आधी विचारून घ्या.

होटगीरोडवाला
ताई, गाव कुठलं? किती जण? लहान मुलं, म्हातारी माणसं आहेत का?

सायली_बाळीवेस
बाळीवेस म्हणजे सोलापूरच की! नऊ जण. दोन मुलं, आणि आई.

डेक्कनकर
मग पुण्याला या. वंदे भारत आहे ना आता.

होटगीरोडवाला
डेक्कनकर, वंदे भारत २०२३ पासून आहे, पण रात्रीच्या जेवणाला तिचा काय उपयोग? पुण्याहून ती सातच्या सुमाराला निघते, हुतात्मा एक्स्प्रेस त्याआधीच सहाला. जेवून निघायचं म्हटलं तर मध्यरात्रीनंतरच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेससाठी स्टेशनवर बसा. आईला घेऊन? गाडीनं जायचं तर अडीचशे किलोमीटर, आणि रात्री उलट तेवढंच. मुक्काम करणार असाल तरच पुणे.

लक्ष्मीपेठ_खवय्या
स्टेकचा नाद सोडा की ओ ताई. काळ्या मसाल्याचं मटण, कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. पन्नास काय, शंभराव्या वाढदिवसालाबी माणूस खूश होतंय. मी जागा सांगतो, मेसेज करा.

सायली_बाळीवेस
मटण तो घरी आला की दर रविवारी खातो. कृपया समजून घ्या. दादा जहाजावर नोकरीला होता. वडील गेल्यावर घर त्यानं चालवलं, आमची शिक्षणं त्यानं केली, आणि स्वतःचे वाढदिवस कुठल्या कुठल्या बंदरात एकट्यानं काढले. फोनवर सांगायचा, आज ब्युनोस आयर्सला उतरलो, स्टेक खाल्ला. आता नोकरी सोडून कायमचा आलाय. त्याचं आवडतं जेवण आम्ही सगळ्यांनी सोबत बसून खावं, एवढंच हवंय.

गोवा_रिटर्न
मग सरळ गोवा! २०२५ पासून आपल्या विमानतळावरून गोव्याला विमान आहे. तिथं स्टेकची ददात नाही.

मुरारजीपेठकर
ते विमान मिळायला, वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली. २०२३ च्या जूनमध्ये. शेतकऱ्यांच्या उसाचं काय झालं ते पण सांगा.

गोवा_रिटर्न
चिमणी पाडली नसती तर आजही पुण्याला जाऊनच विमान पकडलं असतं. गावाला उद्योग नकोत का?

मुरारजीपेठकर
कारखाना हा उद्योग नव्हता का?

होटगीरोडवाला
चिमणीचा धागा वेगळा काढा बाबांनो. ताईंचा गुरुवार जवळ येतोय.

किचनमधला
मी हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होतो, म्हणून आधी एक विचारतो. दादा कसलं मांस खातात? अर्जेंटिनात स्टेक म्हणजे गाय-बैलाचं. महाराष्ट्रात गाय १९७६ च्या कायद्यानं बंद, २०१५ पासून बैल आणि वळूही. म्हैस-रेडा त्यात येत नाही. त्यामुळे इथं मेन्यूवर टेंडरलॉइन लिहिलेलं असलं की ते बहुतेक वेळा म्हशीचं अंडरकट, म्हणजे पाठीच्या आतल्या बाजूचं मऊ मांस असतं. घरच्यांना चालणार आहे का?

सायली_बाळीवेस
दादाला चालतं. बाकीचे बोकडाचं खातील. आई माळकरी आहे, ती शाकाहारी.

होटगीरोडवाला
अहो ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना! आई त्या टेबलावर बसतील का?

सायली_बाळीवेस
मटण असलं तरी बसते, फक्त तिची भांडी वेगळी लागतात. म्हशीचं असलं तर नाही बसणार. आणि ती नसेल तर दादा जेवणारच नाही.

पंढरपूरची_मावशी
बाळ, सध्या मार्गशीर्ष आहे. वहिनी गुरुवारची लक्ष्मी मांडतात का?

सायली_बाळीवेस
मांडते. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग शुक्रवारी करूया.

डेक्कनकर
शुक्रवारी कॅम्पात गर्दी असते, आत्ताच फोन करा.

किचनमधला
आता चित्र स्पष्ट झालं. निव्वळ स्टेकचं हॉटेल सोलापुरात माझ्या माहितीत नाही, पण त्याची गरजही नाही. लॉन असलेल्या एखाद्या चांगल्या हॉटेलच्या शेफला दोन दिवस आधी भेटा आणि बोकडाचे चाप निखाऱ्यावर करून मागा. अर्जेंटिनात असंच करतात, लाकडाचे निखारे आणि मीठ, मसाला नाही. खाटकाला आदल्या दिवशी सांगा : कोवळा बोकड, दोन फासळ्या एकत्र ठेवून जाड चाप. मांडीचं घेऊ नका, झटपट भाजलं की चिवट होतं.

चाप कपड्यानं कोरडे पुसायचे आणि तासभर आधी मीठ लावून ठेवायचे. ओलं मांस आधी शिजतं, मग भाजतं, त्यामुळे वरचा तपकिरी थर नीट येत नाही. लॉन नाही मिळालं तर बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा. चाप टाकल्यावर सारखे हलवायचे नाहीत. दोन्ही बाजू लाल झाल्या की आच कमी करून लोणी आणि ठेचलेला लसूण. खाली उतरवून पाच मिनिटं तसेच ठेवायचे, मग ताटात.

लक्ष्मीपेठ_खवय्या
आतून कच्चं राहतंय ते. पोरांना द्यायचं म्हणजे धोका. कुकरला तीन शिट्ट्या काढा, मग भाजा.

किचनमधला
कुकरमधून काढलं की त्याचं सुकं मटण झालं, स्टेक नाही. अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागावर असतात आणि तिथं आच कडक लागते. खिम्याचं वेगळं, त्यात बाहेरचं सगळं आत जातं, म्हणून तो ७१ अंशांपर्यंत पूर्ण शिजवायचा. अख्ख्या चापाला आत ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती पुरते. थर्मामीटरची सुई हाडाला न लावता मधोमध खुपसायची. मुलांचे चाप अजून थोडे ठेवले तरी चालेल.

लक्ष्मीपेठ_खवय्या
आमच्याकडं असं कुणी खाल्लेलं नाही. तुमची जबाबदारी.

जहाजी_निवृत्त
मीही जहाजावर होतो. ताई, त्यांना सोबत चिमिचुरी, म्हणजे तिकडची हिरवी चटणी द्या, म्हणजे ब्युनोस आयर्स आठवेल. पार्सली, लसूण, ओरेगानो, सुकी लाल मिरची, व्हिनेगर, तेल. मिक्सरला लावू नका, सुरीनं बारीक चिरा. पार्सली नाही मिळाली तर कोथिंबीर, चव बदलते पण जमतं.

पंढरपूरची_मावशी
आणि माउलींसाठी काय? सगळे दादाचंच बघताय.

किचनमधला
बरोबर मावशी. त्यांच्यासाठी वेगळी शेगडी, वेगळा चिमटा. मक्याचं कणीस, पनीर, ढोबळी मिरची. कांदा-लसूण चालतो का, ते ताईंनी सांगावं. चालत नसेल तर चिमिचुरी त्यांना नको.

सायली_बाळीवेस
कांदा-लसूण नाही चालत. आज संध्याकाळी एका हॉटेलच्या शेफला भेटून आले. शुक्रवारी रात्री लॉनवर टेबल देतो म्हणाला, शेगड्या दोन लावेल, आईची तिच्या डोळ्यांसमोर पेटवेल. चाप आम्ही आणून द्यायचे. किचनमधला, नऊ जणांत आई सोडून चाप खाणारे आठ नाहीत, सातच, कारण धाकटा पनीरवालाय. किती चाप सांगू खाटकाला?

किचनमधला
तो दुहेरी चाप माणशी तीन धरा, दादांना चार. म्हणजे बावीस. एका बोकडात एवढे निघत नाहीत, म्हणून उद्याच सांगून ठेवा.