तीसच श्रोते, आणि तेही दुसऱ्या बँडांतले

तिसरी_तार (प्रश्न)

आमचा चौघांचा पंक (वेगवान, जोरकस रॉक संगीत) बँड आहे. दोन गिटार, बेस आणि ड्रम. त्यांतली एक गिटार माझ्याकडे असते आणि गातोही मीच. दीड वर्षात आम्ही अकरा वेळा लोकांसमोर वाजवले. त्यांपैकी नऊ वेळा जागा एकच होती: बुटक्या छताची लांबट खोली, जिथले स्टेज जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच आहे. पहिल्या वेळी घाबरून आमचा वेग इतका वाढला की पंचवीस मिनिटांचा सेट सतरा मिनिटांत संपला आणि उरलेल्या वेळाचे काय करावे हे न सुचल्यामुळे आम्ही पहिलेच गाणे पुन्हा वाजवले. आता तसे होत नाही. वाजवणे सुधारले आहे, हे मी जुन्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिले आहे.

खंत वेगळीच आहे. मागच्या कार्यक्रमात दुसऱ्या गिटारची तार तुटली आणि ती बदलली जाईपर्यंत मला नुसते उभे राहावे लागले, तेव्हा मी समोरची माणसे मोजली. एकतीस भरली. त्यांतले बावीस जण त्याच रात्री वाजवणाऱ्या इतर बँडांमधले होते, एक जण आवाज सांभाळत होता, एक दारावर होती आणि उरलेले सात कोणाचे तरी मित्र किंवा भावंडे. दुसऱ्या दिवशी सरावाला आमचा बेसवादक म्हणाला, "आपण एकमेकांनाच वाजवून दाखवतो आहोत. पुढच्या महिन्यात ते स्टेजवर असतील आणि आपण समोर, एवढाच फरक." त्याच्या मते यापुढे अनोळखी श्रोते येतील असेच कार्यक्रम घ्यावेत, मग ते वर्षात दोनच मिळाले तरी चालतील. ड्रमवादक मैत्रिणीला हे मुळीच मान्य नाही. त्या खोलीतच आपण वाजवायला शिकलो, असे ती म्हणते. मला दोघांचेही पटते आणि त्यामुळे मी कोणालाच उत्तर देऊ शकलेलो नाही.

ज्यांनी या वर्तुळात बरीच वर्षे काढली आहेत, त्यांनी हे कसे सोडवले? जाता जाता आणखी एक: गाण्याचे शब्द कळत नाहीत, असे आम्हाला प्रत्येक वेळी सांगितले जाते. त्यावर काही उपाय आहे का?

फुटकी_झांज

तुमच्या बेसवादकाने मांडलेला हिशेब खरा आहे, पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरमधल्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजला, तेव्हा समोर साधारण चाळीस माणसे होती असे सांगतात. हा कार्यक्रम हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी ठरवला होता. त्यांचा स्वतःचा बझकॉक्स हा बँडही त्या रात्री वाजायचा होता, परंतु त्यांची तयारीच झाली नव्हती. ते वाजले २० जुलैला, त्याच इमारतीतल्या पुढच्या कार्यक्रमात. पहिल्या रात्रीच्या श्रोत्यांमध्ये बर्नार्ड समनर आणि पीटर हूक होते, ज्यांनी पुढे जॉय डिव्हिजन हा बँड उभा केला. जानेवारी १९७७ मध्ये बझकॉक्सने उसन्या पैशांवर, स्वतःच्याच लेबलची चार गाण्यांची तबकडी काढली. समोर उभा असलेला माणूस उद्याचा वादक असणे हा या संगीताचा दोष नाही. ते बहुतेक असेच पसरले आहे.

अर्थात या गोष्टीचा आधार घेऊन आळशी होणारेही मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून स्वतःचा अनुभव सांगतो. आम्ही पहिली दोन वर्षे आपला सेट वाजवायचो, सामान आवरायचो आणि तिसरा बँड सुरू होण्याआधी बाहेर पडायचो. कारणे खरी असायची: सकाळी कामावर जायचे आहे, गाडी दुसऱ्याची आहे. दोन वर्षांत आम्हाला कोणीही आपणहून बोलावले नाही आणि त्याचे कारण आम्ही आमच्या गाण्यांमध्ये शोधत राहिलो. मग एका रात्री सेटच्या दुसऱ्याच गाण्यात माझ्या किक पेडलची (पायाने मोठा ड्रम वाजवायच्या पट्टीची) स्प्रिंग निसटून कुठेतरी उडाली. मी पाय आपटतो आहे आणि आवाजच येत नाही! बाकीचे तिघे मागे न बघता वाजवत होते. पुढच्या बँडचा ड्रमवादक, ज्याच्याशी मी तोवर एक शब्दही बोललो नव्हतो, गुडघ्यांवर रांगत माझ्या ड्रमकिटखाली शिरला, माझे पेडल काढून त्याने स्वतःचे लावले आणि गाणे संपायच्या आत तो परत भिंतीला टेकून उभाही राहिला. त्या रात्री शेवटचा बँड संपेपर्यंत आम्ही थांबलो. लाजेने थांबलो, असे म्हटले तरी चालेल.

तेव्हापासूनचे आमचे वागणे असे आहे. किट सर्वांनी एकच वापरावा, मात्र स्नेअर (समोरचा छोटा, कडक आवाजाचा ड्रम), झांजा, किक पेडल आणि बसायचे स्टूल ज्याचे त्याने आणावे, कारण फुटणाऱ्या आणि सैल होणाऱ्या वस्तू याच असतात. आपला सेट संपला की झांजा स्टँडसकट उचलून बाजूला न्याव्यात आणि तिथे सोडवाव्यात. स्टेजवर बसून झांजांच्या पंखचाव्या फिरवत राहणाऱ्या ड्रमवादकाएवढी चीड मला कोणाचीच येत नाही. तुमच्या त्या तार बदलण्याबद्दलही बोलायला हवे. दोन गिटारवादक असलेल्या बँडने एक तिसरी, साधी का होईना, पण सुरात लावलेली गिटार अँपच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या) मागे ठेवलीच पाहिजे. एकतीस माणसे मोजून व्हावीत इतका वेळ स्टेजवर शांतता असेल, तर अनोळखी माणूस तेवढ्यात निघून जातो.

केबल_गुंडाळणारा

मी वाजवत नाही. सगळ्यांचे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रामागे, म्हणजे मिक्सरमागे उभा असतो. शब्द कळत नाहीत ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकतो आणि तिचे खापर नेहमी माझ्यावर फुटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बुटक्या छताच्या खोलीत सर्वांत मोठा आवाज ड्रमचा असतो आणि त्याला कमी करण्याचे बटण नसते. त्याच्यावर ऐकू यावे म्हणून गिटारचा आवाज वाढतो, गिटारच्या वर यावे म्हणून बेसचा वाढतो आणि शेवटी गायकाचा आवाज या सगळ्यांच्या वर नेण्याची जबाबदारी माझ्यावर येते. पण माझ्याजवळचा गायकाचा आवाज एका मर्यादेपलीकडे चढवला की तो स्पीकरमधून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. ती मर्यादा स्टेजवरचा आवाज ठरवतो, मिक्सर नव्हे.

त्यामुळे इलाज तुमच्या हातात आहे. गिटारचा अँप जमिनीवर असतो आणि तुमचे कान जमिनीपासून पाच फुटांवर असतात. अँपमधले तीक्ष्ण स्वर सरळ रेषेत पुढे जातात, म्हणजे ते तुमच्या पोटरीवर आदळतात. तुम्हाला गिटार बोथट वाटते, तुम्ही ट्रेबल आणि आवाज दोन्ही वाढवता आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात सुई शिरते. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. त्याचा आवाज तुम्हालाच इतका बोचेल की तुम्ही आपणहून आवाज उतरवाल. सरावाच्या खोलीत भारदस्त वाटणारे डिस्टॉर्शनही (गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) स्टेजवर थोडे कमी करा, नाहीतर कॉर्ड कोणता आणि गुणगुण कोणती हे कळेनासे होते.

दुसरे, मायक्रोफोनची जाळी मुठीत धरू नका. छायाचित्रात ते छान दिसते, हे मान्य आहे. परंतु तो मायक्रोफोन मागच्या बाजूचे आवाज टाळावेत अशा रीतीने बनवलेला असतो आणि जाळी झाकली की त्याचा तो गुण जातो. समोरच्या मॉनिटरचा, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा आवाज त्यात घुसतो आणि शिट्टी लवकर येते. ओठ जाळीला जवळजवळ टेकवून गा आणि साउंडचेकमध्ये (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीत) सर्वांत मोठ्याने वाजणारे गाणे वाजवा. पुष्कळ बँड साउंडचेकला जपून वाजवतात आणि रात्री दुप्पट जोराने, मग माझ्या आधीच्या सर्व मेहनतीवर पाणी पडते.

कानांचेही सांगून ठेवतो, कारण विशीतले कोणी ऐकत नाही. कामगारांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मापदंडानुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. हा हिशेब केला तर १०० डेसिबलला हाती उरतात पंधरा मिनिटे. ड्रमशेजारी त्याहून जास्तच असते. कानात बोळे घालूनच सराव करा.

भिंतीकडेचा

मी कोणत्याच बँडमध्ये नाही. तुमच्या बेसवादकाला जो अनोळखी श्रोता हवा आहे, तो मीच आहे, असे समजा. वर्षभर मी एकटाच अशा कार्यक्रमांना जात होतो आणि आता जात नाही. संगीत मला आवडत होते. पण सातची वेळ छापलेली असायची आणि पहिली काठी ड्रमवर पडायची साडेनऊला. ते अडीच तास सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गप्पा मारायचे आणि मी मोबाइल बघत भिंतीला टेकून उभा राहायचो. मग गायक माइकवरून असे विनोद करायचा, जे खोलीतल्या वीस जणांना कळायचे आणि मला कळायचे नाहीत. एकदा एक बँड मला इतका आवडला की मी सेटभर पुढे जाऊन उभा राहिलो, पण शेवटपर्यंत त्यांनी आपले नाव सांगितले नाही. ते सगळ्यांना माहीतच होते ना! मी घरी येऊन पत्रक शोधले. त्यावरची अक्षरे काटेरी तारांसारखी होती आणि मला ती वाचता आली नाहीत. तो बँड कोणता होता, हे मला अजूनही ठाऊक नाही.

दारावरची

भिंतीकडेचा यांचे लिहिणे मला झोंबले, कारण तो साडेनऊचा उशीर मी स्वतः कित्येकदा केला आहे. आपले मित्र येईपर्यंत थांबा, असे बँड सांगतात आणि आयोजक थांबतो. म्हणजे वेळेवर आलेल्याला शिक्षा आणि उशिरा येणाऱ्याला मान. गेल्या वर्षापासून मी छापलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत पहिला बँड सुरू करते, समोर चार माणसे असली तरी. पहिले तीन कार्यक्रम फार वाईट गेले आणि माझ्यावर दोन बँड रुसले. चौथ्यापासून माणसे वेळेवर येऊ लागली.

मूळ प्रश्नाबद्दल माझे मत असे की तुम्ही एकाच जागी फार वेळा वाजता. जो तुम्हाला कधीही ऐकू शकतो, तो आज कशाला येईल? दोन कार्यक्रमांमध्ये दोन-अडीच महिने जाऊ द्या आणि मधल्या काळात इतरांच्या कार्यक्रमांना श्रोते म्हणून या. दुसरी चूक आम्हा आयोजकांची आहे: आम्ही एका रात्रीत एकाच सुराचे चार बँड लावतो. न्यूयॉर्कचा सीबीजीबी हा क्लब डिसेंबर १९७३ मध्ये उघडला तो कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतासाठी. नावातली चारही अक्षरे त्यांचीच आहेत. पुढे तिथे रामोन्स हा बँडही वाजला आणि टेलिव्हिजन नावाचा बँडही, ज्यांच्या वाजवण्यात साम्य शोधावे लागते. स्वतःची गाणी वाजवा, एवढाच आग्रह मालकाचा असे. मी आता तीन बँडांत एक तरी वेगळ्या घराण्याचा ठेवते आणि त्याच्याबरोबर त्याचे दहा श्रोते येतात, जे पंक ऐकायला कधीच आले नसते.

दाराचा दर कमी ठेवा आणि वयाची अट शक्य असेल तिथे टाळा. फुगाझी हा वॉशिंग्टनचा बँड नावारूपाला आल्यावरही पाच डॉलरच्या आसपासचा दर आणि सर्व वयांना प्रवेश यांवर अडून राहिला आणि कोणी पुढे दांडगाई करू लागला तर गाणे थांबवून त्याचे पैसे परत करून त्याला बाहेर पाठवत असे. बर्कलीचे ९२४ गिलमन हे पंक कार्यक्रमांचे ठिकाण ३१ डिसेंबर १९८६ ला सुरू झाले, ते आजही स्वयंसेवक चालवतात आणि तिथे दारू मिळत नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुले जिथे येऊ शकतात, तिथे दरवर्षी नवे चेहरे आपोआप दिसतात. जमलेल्या पैशांतून मी आधी बाहेरगावाहून आलेल्या बँडचा प्रवासखर्च काढते. उरले तर स्थानिकांना. बेसवादकाला हे आवडणार नाही, पण त्याचा बँड बाहेरगावी गेल्यावर त्यालाही तिकडच्या दारावरून हेच हवे असेल.

तिसरी_तार

सर्वांचे आभार. काल सरावाला हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. भिंतीकडेचा यांचा मजकूर वाचताना बेसवादक माझ्याकडे बघत होता, कारण माइकवरचे विनोद माझे असतात. अँप खुर्चीवर ठेवून पाहिला. दुसऱ्याच गाण्यात आमच्या गिटारवादकाने न सांगता आवाज कमी केला आणि ड्रमवादक मैत्रिणीला दीड वर्षात पहिल्यांदा तिसऱ्या गाण्याचे शब्द कळले. त्यांतली एक ओळ तिला आवडली नाही, त्यावर अजून वाद चालू आहे.

पुढच्या दोन महिन्यांतला आमचा एक कार्यक्रम आम्ही दुसऱ्या नव्या बँडला दिला आणि चौघेही ऐकायला जाणार आहोत. भिंतीकडेचा, तुम्ही सांगितलेल्या त्या बँडमध्ये बेस वाजवणारी डावखुरी होती का आणि शेवटचे गाणे ड्रमशिवाय सुरू व्हायचे का? तसे असेल तर तो बँड मला माहीत आहे आणि ते अजून वाजवतात.

भिंतीकडेचा

हो, डावखुरीच होती. नाव सांगा.